चालू लाईटीत नासलेला खवा

१

शुक्रवारी सकाळी सात वाजता पुतळाबाईंनी व्यापारी संकुलातल्या आपल्या कोल्डरूमचं कुलूप काढलं, दार ओढलं, आणि अशी बोंब ठोकली की ढोकीच्या चौकातले लोक चहाचे कप हातात घेऊनच पळत आले. आत बत्तीस डबे खवा होता. दिवा जळत होता, पंखा फिरत होता, भिंतीमागं मशीन घरघरत होती. आणि खव्याला पाणी सुटून असा आंबूस वास मारत होता की नाकाला पदर लावावा.

आठ घरच्या बायकांनी भट्टीपुढं घाम गाळून आटवलेला खवा होता तो. दुपारी तुळजापूरच्या पेढेवाल्याकडं जायचा होता. पुतळाबाईंनी त्यातला मूठभर उचलला आणि जनरेटरजवळ उभ्या असलेल्या बुद्धघोषच्या छातीवर फेकला.

"मुडद्या, लाईट बंद केलीस आन् वर तोंड करून उभारलास व्हय!"

हा बुद्धघोष म्हणजे त्या व्यापारी संकुलाचं जुनं, जळकं वायरिंग काढून नवं बसवायचं काम घेतलेला वायरमन. ठेकेदार म्हणून त्याचं पहिलंच मोठं काम. नवं बसेपर्यंत चौदा दुकानांना भाड्याच्या जनरेटरवरून तात्पुरती लाईट पुरवायची जबाबदारीही त्याचीच.

आता हे झेंगट महालिंगप्पांच्या गळ्यात पडायचं काही कारण होतं का? मुळीच नव्हतं. माणूस सत्तरीचा. साखर कारखान्याच्या विजेच्या मोटारींच्या खात्यातून फोरमन म्हणून सुटून बारा वर्षं झालेली. काल येळवस, म्हणजे रानात जाऊन जेवायची वेळ अमावस्या, झाली होती. शेतातल्या कडब्याच्या कोपीत बसून भाज्यांची भज्जी आणि ताकाची आंबील इतकी ओरपली होती की आज दिवसभर हलायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. पण लाईटीचं काही झालं की अख्ख्या ढोकीला अप्पाच आठवतात. कुणाचा मिक्सर जळाला तरी अप्पा, कुणाच्या घराची घंटा वाजेना तरी अप्पा. वैताग नुसता!

दुकानदारांचे अध्यक्ष व्यंकटराव, म्हणजे हार्डवेअरवाले, त्यांना गाडीवर बसवून घेऊन आले आणि हातात एक कागद दिला.

"अप्पा, तुमी काय बगायची गरज न्हाय. नुसती सही करा. त्या वायरमननं लाईट बंद ठिवली, त्याचं लायसन काढून घ्या, असा अर्ज हाय. चार वाजता मीटिंग लावलीय. काम आमच्या युवराजला देऊन टाकतो."

युवराज म्हणजे व्यंकटरावांचा पुतण्या. हे काम मिळालं नाही म्हणून तीन महिने तोंड फुगवून बसलेला.

"बगायचं न्हाय आन् सही करायची?" अप्पांचं टाळकं फिरलं. "म्या काय अंगठेबहाद्दर हाय का? लाईट बंद होती म्हन्ता, मग ही मशीन कशावर घरघरतीय? तुमच्या आध्यक्षपणावर?"

व्यंकटरावांनी अर्ज परत घेऊन खिशात घातला. खरी गंमत तर पुढंच होती. त्या मशीनवर हात ठेवताच अप्पांना चटका बसला.

२

"बुधवारी अकराला जनरेटर चालू केला," बुद्धघोष म्हणाला. शर्टावरचा खवा त्यानं पुसला नव्हता. "तेव्हापासून बंद न्हाय केला, अप्पा. हे बगा."

जनरेटरवर तास मोजणारं मीटर होतं. अप्पांनी चष्मा वर-खाली करून दोनदा हिशोब केला. बुधवारी अकरापासून शुक्रवारी सातपर्यंत चव्वेचाळीस तास, आणि मीटरवरही तेवढेच. इंजिन क्षणभरही थांबलेलं नव्हतं.

"काल येळवस. सगळी ढोकी शेतात. तू कुठं हुतास?"

"हितंच. घरचे सगळे पाहुण्यांच्या रानात गेले. माझी बहीण श्रावस्ती दुपारी डबा देऊन गेली. कोल्डरूम चालू ठिवायची म्हनून म्या जनरेटरपाशीच बसलो."

महालिंगप्पांनी त्याच्याकडं नीट बघितलं. येळवशीला धारूर-परांड्यापर्यंतचा माणूस रानात जातो, बाजारात कुत्रं दिसत नाही. आणि हा पठ्ठ्या दुसऱ्याच्या खव्यासाठी डिझेलचा धूर खात बसला होता, आणि शिव्याही त्यालाच. अप्पांना राग यायला लागला, पण नेमका कुणाचा ते अजून ठरत नव्हतं.

"मग आत जाऊन गारवा का बगितला न्हाईस?"

"किल्ली पुतळाबाईंकडं. त्या कुलूप लावून रानात गेल्या. म्या भाईरून मशीनचा आवाज ऐकत हुतो. चालूच हुती की. उलट आवाज रोजच्यापेक्षा जास्तच येत हुता."

"जास्त?"

"व्हय. मधीच थांबायची, परत लागायची. मला वाटलं, जुनी मशीन हाय."

"आन् चव्वेचाळीस तासांत दुकानांची लाईट एकदाबी गेली न्हाय?"

बुद्धघोष घुटमळला. "एकदा गेली. बुधवारी साडेबाराला. पाचच मिनटं. म्या गच्चीवर केबल ओढत हुतो. खाली यीपर्यंत आलीबी. पर अप्पा, ती म्या बंद केली न्हवती."

३

अप्पांनी मग एकेकाला धरलं. पुतळाबाई आधी.

"बुधवारी लाईट चालू झाल्यावर खोली गार हुती का?"

"हुती की! बारा वाजता म्या सवता हात लावून बगितलं, नळीवर बर्फ धरला हुता. मग कुलूप लावलं ते आज काढलं." त्यांनी डोळ्याला पदर लावला. "आता त्या आठ बायकांना म्या काय तोंड दाखवू, अप्पा? "

"आन् शिव्या घातल्या त्या पोराला कुठलं तोंड दाखवनार?"

अप्पांनी मनात जुळवून बघितलं. बारा वाजता खोली गार. साडेबाराला पाच मिनिटं लाईट गेली. त्यानंतर लाईट चालू, मशीन चालू, आणि गारवा गायब. पाच मिनिटांत खवा नासत नाही, हे तर अप्पांच्या घरच्या मांजरालाही कळलं असतं.

युवराजला विचारलं, तर तो बुधवारी आणि गुरुवारी सास्तूरला सासुरवाडीत येळवस करत होता. त्यानं न विचारता मोबाईलमधले पंचवीस फोटो दाखवले. प्रत्येक फोटोत तो आणि आंबिलीचं गाडगं.

"म्या काय बिगाडलं न्हाय, अप्पा. खरं सांगू का, बिगडलं ते बरं झालं असं वाटलं. तेवढंच पाप."

"तेवढं पुरे हाय. जा."

एवढ्यात व्यंकटराव पुन्हा तणतणत आले. "अप्पा, किती येळ लावताय? त्या माणसाचा अजून एक प्रताप ऐका. गच्चीवरची पाण्याची टाकी भरंना. सकाळधरनं मोटर चालू हाय आन् नळाला करंगळीयेवढी धार! बाथरुमात पाणी न्हाय. ह्याला कुनी वायरमन केला?"

महालिंगप्पा जागच्या जागी थांबले. मोटर चालू आणि पाणी नाही. मशीन चालू आणि गारवा नाही.

"व्यंकटराव," ते हळूच म्हणाले, "पैल्यांदाच तुमी कामाचं बोललात. आता सांगा, बुधवारी हितं असं काय हुतं, जे आधी बिगडलेलं हुतं आन् मागनं आपसूक नीट झालं?"

"गिरनी," व्यंकटराव म्हणाले. "धोंडीबाची गिरनी."

४

धोंडीबाची पिठाची गिरणी संकुलाच्या तळमजल्यावर, जिन्याच्या डाव्या हाताला. येळवशीच्या आदल्या दिवशी गिरणीवर काय गर्दी असते ते मराठवाड्याबाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. उकडलेल्या उंड्यांना बाजरीचं पीठ पाहिजे, भज्जीला डाळीचं, भाकरीला जोंधळ्याचं. डबे रांगेत, बायका रांगेत आणि भांडणंही रांगेत.

अप्पा आत आले तसा धोंडीबा पिठाच्या पोत्याआड सरकला.

"धोंडीबा, बुधवारी तुझी गिरनी उलटी फिरत हुती ना?"

"व्हय... म्हंजी न्हाय. म्हंजी जरा येळ."

"मग सुलटी कुनी केली? बुद्धघोषनं?"

"न्हाय, तो म्हनला गच्चीवरचं काम संपवून येतो. बायका तर माझ्या अंगावर यायला लागल्या. मग... मग झाली ती."

"झाली म्हंजी?"

"आपसूक झाली, अप्पा."

"आपसूक!" अप्पांचा आवाज पत्र्याला लागला. "गिरन्या आपसूक सुलट्या व्हत्यात तर म्या चाळीस वर्षं कारखान्यात काय गवत उपटलं का? लाईट गेल्यावर, पाच मिनटानं आली तवा नीट झाली ना? खरं बोल."

धोंडीबाच्या कपाळावरून घाम ओघळला आणि पिठात मिसळून त्याची पेस्ट झाली. त्यानं दोन्ही हात जोडले.

"अप्पा, पाया पडतो तुमच्या. म्या शबूद दिलाय."

"कुनाला? त्या पोराचं लायसन चाललंय, कळतंय का तुला? चार वाजता त्याच्या पोटावर पाय येनार हाय!"

"कळतंय वो. पर मला काय ठावं खव्याचा हिच्याशी संबंध हाय म्हनून? लाईट तर चालूच हुती." धोंडीबा रडकुंडीला आला. "दुसऱ्या कुनालाबी सांगीन, अप्पा. तुमाला न्हाय. तुमाला तर अजाबात न्हाय."

आणि त्यानं अप्पांकडं अशा दयेनं बघितलं की अप्पांना आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटायला लागलं.

५

तात्पुरत्या लाईटीची पेटी जिन्याखाली होती. जनरेटरची जाड केबल वरून आत येते, खालून चौदा दुकानांच्या बारीक केबली बाहेर जातात. सकाळच्या राड्यात व्यंकटरावांनी तिला स्वतःचं कुलूप ठोकलं होतं. अप्पांनी किल्ली मागून घेतली आणि बुद्धघोषला जवळ बोलावलं.

"बुधवारी कुलूप न्हवतं हिला?"

"न्हवतं. लावायला पायजे हुतं. ती चूक माझी."

अप्पांना हे उत्तर आवडलं. सकाळपासून चूक माझी म्हणणारा हा पहिलाच माणूस भेटला होता.

पेटीच्या दाराला आतून पिठाची बोटं उमटलेली होती. आणि वर, जनरेटरकडून येणाऱ्या तीन वायरी. लाल, मग निळी, मग पिवळी.

"म्या लाल, पिवळी, निळी अशी लावली हुती," बुद्धघोष चरकून म्हणाला. "कुनीतरी दोन वायरी बदलल्यात!"

"आता ध्यानात आलं का? गिरनी उलटी फिरत हुती. नवी लाईट जोडली की एखादी मोटर तशी फिरतीच. तीन वायरींच्या मोटरीला त्यातल्या दोन अदलाबदल केल्या की ती सुलटी फिरती. पर ते करायचं गिरनीच्या पेटीत. शान्यानं केलं हितं, सगळ्यांच्या मुळात. गिरनी सुलटी झाली, आन् जे जे सुलटं हुतं ते ते उलटं झालं. पान्याचा पंप उलटा फिरला की नुसती करंगळीयेवढी धार. खव्याची मशीन उलटी फिरली की नुसता आवाज आन् चटका, गारवा न्हाय. दिवा, पंखा एकाच वायरीवर, त्यांना कसलं उलटंसुलटं?"

बुद्धघोषनं पेटीत वाकून बघितलं. मग म्हणाला, "पर हे कुन्या अडान्याचं काम न्हाय, अप्पा. बोल्ट बगा कसा आवळलाय. पट्टी बगा."

अप्पांनी बॅटरीचा झोत पाडला. काळी पट्टी तीन वेढे देऊन गुंडाळलेली होती, आणि शेवटचं टोक उलटं दुमडून ठेवलं होतं. पुढच्या माणसाला सोडताना नख लावायला सोपं जावं म्हणून.

ही लकब ढोकीत एकाच माणसाची होती. महालिंगप्पांची. त्यांनी ती कारखान्यातल्या शिकाऊ पोरांना शिकवली होती, पण ती पोरं कधीच पुण्या-चाकणला गेली. आणखी कुणाला शिकवली होती?

अप्पांनी बॅटरी विझवली.

"वळखला का हात?" बुद्धघोषनं विचारलं.

"व्हय."

"कुनाचा?"

"म्या जरा जेवून येतो," अप्पा म्हणाले.

६

जगदेवी चुलीपुढं कालची भज्जी गरम करत होत्या. नवऱ्याचा चेहरा बघून त्यांनी ताट वाढायला घेतलं.

"बुधवारी तू दळायला गेलती."

"गेलती की. मग काल उंडे काय आभाळातनं पडले?"

"गिरनी उलटी फिरत हुती."

"व्हय. आन् चाळीस बायका त्या धोंडीबाला खायला उठल्या हुत्या. तो वायरीला हात लावायला भेतोय. म्या म्हनलं सरक बाजूला. त्याच्याकडनं पाना घेतला, आधी मोठा खटका खाली पाडला, दोन वायरी बदलल्या, पट्टी मारली, खटका वर केला. मस्त चालली की गिरनी!" त्यांच्या आवाजात चक्क अभिमान होता. "चाळीस वर्षं तुमच्यापुढं बॅटरी धरून उभी ऱ्हायलेय. एवढं तर येनारच. धोंडीबाला म्हनलं, म्हाताऱ्याला सांगू नगंस, आठ दिवस डोकं खाईल माझं."

महालिंगप्पांनी कपाळावर हात मारला. अख्ख्या ढोकीला विचारत फिरले, आणि घरात विचारलं नाही! शिव्या ओठांवर आल्या होत्या, पण त्या देणार कुणाला? काम एकदम चोख होतं. फक्त पेटी चुकली होती.

त्यांनी सगळं सांगितलं. जगदेवींच्या हातातला डाव खाली आला.

"म्हंजी पुतळाचा खवा... म्या नासवला?"

अप्पांनी मान हलवली. मनात एक विचार येऊन गेला, आणि त्याची त्यांना तिथल्या तिथं लाज वाटली. सांगायचं, कुण्यातरी अनोळखी माणसानं पेटी उघडली. बायकोचं नाव राहील झाकलेलं. पण मग पेटी उघडी टाकली कुणी, असं व्यंकटराव म्हणणार आणि पोराचं लायसन जाणार ते जाणारच.

"किती वाजता हाय ती मीटिंग?" जगदेवींनी पदर खोचला.

"चारला. तू कशाला येतीस? म्या सांगतो."

"तुमी काय सांगनार? हात माझा हुता," त्या म्हणाल्या. "जेवा आधी. मग जाऊ."

७

चार वाजता संकुलाच्या आवारात चौदाही दुकानदार जमले. अप्पांनी भाषण केलं नाही. त्यांनी बुद्धघोषला पेटीजवळ उभं केलं आणि म्हणाले, "खटका पाड. दोन वायरी हुत्या तशा लाव."

पाच मिनिटं सगळं बंद. मग खटका वर गेला, गच्चीवरून पाणी पडल्याचा धो-धो आवाज आला, आणि लगेच गिरणीतून धोंडीबा ओरडला, "अप्पा, माझी परत उलटी फिरली!"

"बगितलं?" अप्पा म्हणाले. "ह्या पोरानं लाईट बंद केली न्हवती. कुनीतरी ही पेटी उघडून वायरी बदलल्या."

"कुनी पन?" व्यंकटराव गरजले. "नाव सांगा, आत्ता त्याला सरळ करतो!"

अप्पांनी तोंड उघडलं. पण त्यांच्या आधी मागून आवाज आला.

"म्या केल्या, व्यंकटराव. करा सरळ."

जगदेवी पुढं येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी सगळं सांगितलं आणि पुतळाबाईंकडं वळल्या. "पुतळा, तुझ्या भट्टीवर म्या येऊन बसते. बत्तीस डबे परत आटवून हुईस्तवर उठनार न्हाय."

दुकानदार एकमेकांकडं बघायला लागले. मग व्यंकटरावच खो खो हसले. "आरं तिच्या! आक्का, तुमी? मग काय इषयच न्हाय. चूक मानसाच्याच हातनं व्हती. तुमी तर भल्यासाठी केलं. आपल्यातल्याच हाव तुमी, तुमाला कोन काय बोलनार?" बाकीचेही हसायला लागले. कुणीतरी आक्कांसाठी खुर्ची आणली. कुणी चहा सांगितला.

महालिंगप्पांच्या डोक्याची शीर तटतट उडायला लागली. सकाळपासून साठलेला सगळा वैताग एकदम वर आला.

"खुर्ची?" ते ओरडले. "हिला खुर्ची आन् चा? आन् ह्याला सकाळी काय दिलं? शिव्या! खवा फेकून मारला अंगावर! चूक मानसाच्या हातनं व्हती, हे सकाळी कुठं गेलतं? ही आपल्यातली, म्हनून चूक. आन् हा कुठला? आभाळातनं पडला का? ह्याच ढोकीतला न्हाय हा? आरं, ह्यानं तर चूकच केली न्हाय! सन सोडून तुमच्या खव्यापाशी बसला एकटा!"

कुणी मान वर करेना. जगदेवी खुर्चीवर बसल्याच नव्हत्या, त्यांनी ती मागं सारली.

पुतळाबाई पुढं झाल्या. "भाऊ," त्या बुद्धघोषला म्हणाल्या, "म्या आंधळी झालते. माझ्या जिभेला हाड न्हाय. मला माफ कर." त्यांनी हात जोडले.

व्यंकटरावांनी खाकरून घसा साफ केला. "बरं, झालं गेलं गंगेला मिळालं. लागू द्या त्याला कामाला."

"काम पुरं करतो," बुद्धघोष म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. "पर माझं नाव तुमी चौघांत घालवलं. ते चौघांतच परत द्या. जाताजाता न्हाय."

सगळ्यांनी व्यंकटरावांकडं बघितलं. त्यांनी अर्ज खिशातून काढला, फाडला, आणि सुटलो असं समजून वळले.

"कागद मुका असतो, व्यंकटराव," अप्पा म्हणाले. "तोंडानं बोला."

व्यंकटरावांनी अर्जाचे तुकडे मुठीत दाबले. रस्त्यावरून उसाचे दोन ट्रॅक्टर गेले.

"चुकलं माझं," व्यंकटराव शेवटी म्हणाले. मग अप्पांच्या नजरेकडं बघून आवाज चढवला. "माझं चुकलं, बुद्धघोष. तू लाईट बंद केली न्हवती."

दोन महिने काम चालू होतं. पण व्यंकटरावांनी त्याला नावानं हाक मारलेली ही पहिलीच वेळ. बुद्धघोषनं मान हलवली, पाना उचलला आणि धोंडीबाच्या गिरणीकडं गेला.